दिल्लीत मंजूर झालेला रुपया गंगाखेडला कसा पोचतो

तृतीयपंथी व्यक्तींसाठी केंद्र सरकारने किती पैसे ठेवले, असे विचारले की एक आकडा हमखास सांगितला जातो: ३६५ कोटी. १२ फेब्रुवारी २०२२ ला सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘स्माईल’ नावाची योजना सुरू केली, तिचा २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांचा हा खर्च. ऐकायला भरघोस आहे. पण ‘स्माईल’च्या पोटात दोन योजना आहेत. एक तृतीयपंथींसाठी, दुसरी भीक मागून जगणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी. ३६५ कोटी दोघांचे मिळून. घटकाभर धरून चालू की सगळेच पैसे तृतीयपंथींना मिळाले. वर्षाला ७३ कोटी. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ रकान्यात देशभर ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली. भागाकार केला तर माणशी वर्षाला पंधराशे रुपये पडतात, म्हणजे दिवसाला चार. परभणीच्या स्टँडवर चार रुपयांत कट चहासुद्धा मिळत नाही.

आणि या दोन योजना एकाच पाकिटात का घातल्या, हेही जरा विचारात घ्या. तृतीयपंथी म्हटले की टाळी आणि पसरलेला हात, एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर येते त्यांना ही जोडी साहजिक वाटत असणार.

आकडा लहान आहे हे खरेच. पण मराठवाड्यातून बघताना मला जास्त खुपते ते वेगळे: आहे तो पैसासुद्धा खाली येताना कुठे कुठे जिरतो, आणि जिथे खरी नड आहे त्या ठिकाणासाठी मुळात लेखाशीर्षच, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचे वेगळे खातेच, नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडे मागे जाऊ, कारण सरकारने या माणसांवर पैसा खर्च करायला सुरुवात केली ती त्यांच्या भल्यासाठी नव्हे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १३२९ फसली साली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, एक कायदा झाला. हिजड्यांची नावे-पत्ते लिहून ठेवणारे रजिस्टर ठेवायचे, आणि त्यांच्यापैकी कोणी बाईच्या वेशात, दागिने घालून चारचौघांत दिसले तर वॉरंटशिवाय अटक. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणजे नोंद होती, नोंद ठेवणारा कारकूनही पगारी होता, फक्त नोंदीचा हेतू पकडण्याचा होता. हा कायदा तेलंगणात कागदावर थेट २०२३ पर्यंत जिवंत राहिला. जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि त्याच निकालात राज्याच्या ‘आसरा’ पेन्शनचा लाभ तृतीयपंथींना द्यायला सांगितले. एका निकालात रजिस्टर गेले आणि पेन्शन आली. आपल्याकडे, त्याच जुन्या संस्थानाच्या या टोकाला, या कायद्याची आठवणही कोणाला नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी तुळजापूरच्या वाटेवर साडी नेसून आईची गाणी म्हणणारे आराधी होते आणि त्याच मुलखावर हा कायदाही होता. दोन्ही एकाच वेळी कसे नांदले असतील, यावर कोणी नीट अभ्यास केला तर वाचायला आवडेल.

पुढे सरकारी पैसा आला तो एड्समुळे. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, उभी राहिली. हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत स्वयंसेवी संस्थांमार्फत ‘टीआय’, म्हणजे टार्गेटेड इंटरव्हेन्शन, प्रकल्प सुरू झाले. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी हे त्यात ‘हाय रिस्क ग्रुप’. कंडोम वाटा, तपासणीला आणा, रजिस्टर भरा, एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, असेल त्याची गोळी चुकू देऊ नका. या कामाने जीव वाचवले, याबद्दल दुमत नाही. छोट्या शहरांतल्या कित्येक समलिंगी पुरुषांना आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे पहिल्यांदा कळले ते अशाच एखाद्या प्रकल्पाच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. पण सरकारची नजर कमरेखालीच राहिली. समलिंगी बाईला एचआयव्हीचा धोका कमी, म्हणून ती या हिशेबात कुठेच आली नाही. तिच्यावर रुपयाही खर्च झाला नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला २०२१ ते २०२६ साठी १५,४७१.९४ कोटी मंजूर झाले. तो पैसा सगळ्या देशातल्या सगळ्या रुग्णांसाठी आहे, त्यामुळे ३६५ कोटींशी त्याची सरळ तुलना करणे बरोबर नाही. तरी आजाराची भीती आणि माणसाचा हक्क यांपैकी तिजोरी कशाला लवकर उघडते, ते कळते.

हक्काची भाषा आली १५ एप्रिल २०१४ ला. नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने लढवलेल्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तृतीयपंथींना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्या, कल्याणकारी योजना आखा, असे केंद्र आणि राज्यांना सांगितले. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला, १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. महाराष्ट्राने २०२० मध्ये कल्याण मंडळ नेमले आणि २०२४ मध्ये तृतीयपंथी धोरण मंजूर केले. आरक्षणाचे मात्र अजून भिजत घोंगडे आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२१ मध्येच सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले, तेही सगळ्या प्रवर्गांत.

आता पैशाची वाट बघू. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेते. समजा, परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातल्या एका गावातली तिशीची तृतीयपंथी. दहावीला असताना घर सुटले, गुरूकडे राहते, परळी-परभणी मार्गावर गाडीत मंगती करते. तिच्यासाठी कागदावर काय काय आहे? ‘स्माईल’मधून कौशल्य प्रशिक्षण. नववीपासून पदव्युत्तरपर्यंत शिकणाऱ्या तृतीयपंथींना शिष्यवृत्ती. राहायला जागा नसेल तर ‘गरिमा गृह’. आयुष्मान भारतचे ‘टीजी प्लस’ कार्ड, ज्यात वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आणि लिंगबदलाची शस्त्रक्रियाही बसते. त्याचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. आणि राज्याची जुनी संजय गांधी निराधार योजना, जिच्या पात्र लोकांच्या यादीत तृतीयपंथींचे नाव आहे. महिना १,५००.

यादी वाईट नाही. पण केंद्राच्या बहुतेक दारांवर एकच कुलूप आहे: तृतीयपंथी असल्याचे प्रमाणपत्र. २०२० च्या नियमांनी त्याची जी रीत घालून दिली ती दिसायला सोपी होती. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज भरायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचे, जिल्हाधिकाऱ्यांनी वैद्यकीय तपासणी न मागता तीस दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचे. (कायदा आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी पोर्टलवर त्या दिवशीचे नियम बघून घ्यावेत.)

आता तिच्या बाजूने बघा. अर्जाला पत्ता लागतो. आधार कार्डावर गावचा पत्ता आणि मुलाचे नाव. तो पत्ता वापरायचा तर पडताळणीसाठी कोणी गावात जाऊन विचारेल ही धास्ती. गुरूच्या घरचा पत्ता द्यायचा तर भाडेपावती कोण देणार? शाळा सोडल्याचा दाखला घरी ट्रंकेत, आणि घरी पंधरा वर्षे पाय ठेवलेला नाही. फोन आहे, पण पोर्टलवर पीडीएफ चढवायला सेतू केंद्रात जावे लागते. तिथल्या पोराने ‘लिंग’ हा रकाना मोठ्याने वाचला की मागची रांग वळून बघते. बऱ्याच जणींची वाट इथेच संपते, तीही कोणी अर्ज नाकारल्याशिवाय. सरकारी आकडेवारीत ‘नामंजूर’ दिसते, ‘सेतूवरून परत फिरली’ असा रकाना तिथे नसतो.

निराधार योजनेची तऱ्हा आणखी वेगळी. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. आजच्या भावात एवढ्यावर कोणी जगत नाही. म्हणजे खरे उत्पन्न सांगणारी प्रत्येक जण अपात्र, आणि पात्र व्हायचे तर दाखल्यावर खोटा आकडा हवा, जो लिहायला तलाठी राजी व्हायला हवा. ही अट विधवांना, दिव्यांगांनाही छळते. फरक एवढाच की विधवेसाठी शब्द टाकायला गावात दीर असतो, सरपंच असतो. घर सुटलेलीला कोण आहे? त्यातून मंजुरी झालीच तर पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. प्रमाणपत्रावर एक नाव, पासबुकावर दुसरे, आधारवर तिसरे अशी स्थिती असेल तर केवायसीत सगळे अडकते. जायकवाडीच्या कालव्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे जे होते तेच: धरण भरलेले, आवर्तन सुटलेले, कागदावर त्याचा भिजलेला हेक्टर, आणि चारीत धूळ.

गरिमा गृहाचा हिशेब थोडक्यात होतो. पहिल्या टप्प्यात देशभरात बारा, प्रत्येकात पंचवीस जणांची सोय. म्हणजे तीनशे खाटा. त्यातही अनुदानाचे हप्ते रखडल्यामुळे काही गृहांना उधारीवर दिवस काढावे लागल्याच्या बातम्या येऊन गेल्या. हिंगोली किंवा धाराशिवमध्ये रात्री अकराला घराबाहेर काढलेल्या पोराला या तीनशे खाटांचा काय उपयोग? त्याला त्या रात्रीपुरती, आणि पुढच्या पंधरा दिवसांपुरती, त्याच जिल्ह्यात एक खोली हवी असते. ती नसली की नांदेडहून सुटणारी मुंबईची गाडी असतेच.

इथवर मी फक्त तृतीयपंथींबद्दल बोलले, कारण सरकारी पैसाही फक्त त्यांच्याबद्दलच बोलतो. एलजीबीटीक्यू या अक्षरांतल्या ‘टी’साठी मंत्रालय आहे, कायदा आहे, योजना आहे. समलिंगी स्त्रिया, समलिंगी पुरुष, उभयलैंगिक यांच्यासाठी ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने एवढेच झाले की ते आता गुन्हेगार नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा केंद्राने समिती नेमून यांच्या व्यवहारातल्या अडचणी बघू असे सांगितले. त्यातून २०२४ मध्ये काही पत्रे निघाली. संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे २८ ऑगस्ट २०२४ चे स्पष्टीकरण. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरा, ही राज्यांना सूचना. चांगली पत्रे आहेत, त्यांना पैसेही लागत नाहीत. पण जालन्यातल्या बँकेच्या शाखेत काउंटरवरच्या माणसाला ते पत्र माहीत असावे यासाठी प्रशिक्षण लागते, आणि प्रशिक्षणाला पैसे लागतात. ते कोणाच्याच अंदाजपत्रकात नाहीत.

या गटाला अनुदान नको आहे, बहुतेकांना महिना पंधराशेही नको आहेत. त्यांना हवे ते असे की तालुक्याच्या डॉक्टरने ‘लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल’ असे सांगू नये. समुपदेशकाने गोष्ट घरी फोडू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क देतो. कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर घेतली. त्याच आयोगाच्या २०२४ च्या अभ्यासक्रमात समलिंगी स्त्रियांचे संबंध ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त पुन्हा शिरले होते, ओरड झाली तेव्हा तो मागे घेतला. म्हणजे वर हे असे, मग संभाजीनगरच्या घाटीतून किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ग्रामीण रुग्णालयात जाणाऱ्या नव्या डॉक्टरने काय समजावे? इथे थोडे पैसे खूप काम करतील. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहेच, टेलि-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन आहेच, किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या २०१७ च्या ‘साथिया’ संचात तर समलिंगी आकर्षणाबद्दल सरळ, न घाबरवणारी माहिती होती. नवीन इमारत बांधायची गरज नाही, आहे त्या खुर्चीवरच्या माणसाला शिकवायचे आहे.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे जी मुंबईत बसून योजना लिहिणाऱ्याला सुचणार नाही. बीड, धाराशिव, परभणीतून ऊसतोडीला जाणारी टोळी मोजतात ती कोयत्यांत. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला भाव कमी. त्यामुळे लग्न हा इथे घरच्यांच्या हौसेचा विषय राहत नाही, तो हंगामाच्या उचलीचा विषय होतो. ज्या मुलीला लग्नच करायचे नाही, ज्या मुलाला बाईशी संसार होणार नाही, त्यांच्यावरचा दबाव अब्रूचा जितका असतो तितकाच पैशाचा असतो. अशा घरात जनजागृतीचे पोस्टर लावून काय होणार? त्या मुलीला कोयत्याशिवाय पोट भरता येईल असे काम, वसतिगृहात एक जागा, शिक्षणाची दोन वर्षे, यावर खर्च केलेला पैसा हाच तिच्या हक्कावरचा खर्च. त्यावर इंद्रधनुष्य छापायची गरजही नाही.

बाहेरचे देश हे पैसे कसे वाटतात? कॅनडाने ऑगस्ट २०२२ मध्ये पाच वर्षांचा आराखडा जाहीर केला, १० कोटी कॅनेडियन डॉलरचा. आधी पंचवीस हजारांहून जास्त लोकांचे म्हणणे सर्वेक्षणातून घेतले. आणि १० कोटींपैकी साडेसात कोटींपर्यंतची रक्कम समुदायाच्याच संस्थांसाठी राखली. श्रीमंत देश आहे, आकड्याशी बरोबरी नको. पण वाटणी बघण्यासारखी आहे: तीन चतुर्थांश पैसा थेट त्यांच्या हातात, जे त्याच गल्लीत राहतात. आपल्याकडे अशा संस्था बऱ्याच काळ परदेशी देणग्यांवर चालल्या, आणि त्याचा धोका २०२५ च्या सुरुवातीला दिसला. अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि हैदराबाद, पुणे, ठाणे भागातली तृतीयपंथींची ‘मित्र’ क्लिनिक बंद पडली. हैदराबादचे तर देशातले अशा प्रकारचे पहिले होते. दुसऱ्याच्या अंदाजपत्रकावर चालणारा दवाखाना एका सहीने बंद होतो.

मग इथे पहिला रुपया कुठे जावा? माझे मत विचाराल तर मेळाव्यांवर आणि फ्लेक्सवर नक्कीच नको. प्रत्येक जिल्ह्यात तृतीयपंथी समुदायातल्याच दोन जणींना पगारी नेमा, आशाताईंना कधीतरी मिळणाऱ्या मानधनासारखे नको, दरमहा ठरावीक तारखेला येणारा पगार द्या. त्यांचे काम एकच: अर्ज करणारीबरोबर सेतूत बसायचे, तहसीलला जायचे, बँकेत जायचे, आणि फाईल हलेपर्यंत मागे लागायचे. मंगती करणारीला पोचायचे तर दुसरी मंगती करणारीच पोचते, हे टीआय प्रकल्पांनी तीस वर्षांत सिद्ध केले आहे. एड्ससाठी जमले ते हक्कासाठी का जमू नये? दुसरा रुपया जिल्ह्यातल्या त्या दोन-चार खोल्यांसाठी, जिथे घराबाहेर काढलेले पोर पंधरा दिवस राहील. तिसरा डॉक्टर, पोलीस आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी. शस्त्रक्रियेचे पाच लाख, प्रशिक्षणाचे वर्ग, कर्जयोजना हे सगळे नंतर. कागद हातात नसेल तर त्यातले काहीच मिळत नाही.

हे पैसे दिल्लीहूनच यावेत असेही नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर, दहा टक्के महिला-बालकल्याणावर, पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्च करावे लागतात. तृतीयपंथींसाठी असा टक्का ठरलेला नाही, आणि जिथे टक्का नाही तिथे ग्रामसेवक हात वर करतो. महापालिकांना मात्र मनात आणले तर वाट सापडते: पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथींना ग्रीन मार्शल पथकात आणि सुरक्षेच्या कामावर घेतले. मराठवाड्यात आता पाच महापालिका आहेत. जिल्हा नियोजन समितीकडे तर दरवर्षी काही शे कोटींचा आराखडा असतो, पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. दोन जणींचा पगार आणि दोन खोल्यांचे भाडे त्या आराखड्यात रस्त्याच्या एका तुकड्याएवढेही नाही.

ज्यांना यात काही करायचे आहे त्यांनी समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते, तीस दिवसांत उत्तर यायला हवे. विचारायचे ते नेमके विचारावे: आजवर प्रमाणपत्रासाठी किती अर्ज आले, किती तीस दिवसांच्या पुढे पडून आहेत, गेल्या तीन आर्थिक वर्षांत तृतीयपंथींसाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती आले, किती खर्च झाले, किती परत गेले, आणि निराधार योजनेत तृतीयपंथी म्हणून सध्या किती जणांना पैसे मिळतात. आठ जिल्ह्यांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली तर पुढच्या नियोजन बैठकीआधी आमदारांच्या हातात द्यायला एक पान तयार होईल. आराखड्याची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते, त्यामुळे अर्ज त्याआधीच गेलेला बरा.